इलेक्ट्रिक गाडीतल्या मोटरचा रोटर टिकतो कसा?

गेल्या उन्हाळ्यात तासगावजवळ चुलत्यांच्या द्राक्षबागेत गेलो होतो, तेव्हा बोअरची पाणबुडी मोटर विचित्र वागत होती. म्हणजे चालू व्हायची, पाणीही यायचं, पण कमी, आणि स्टार्टरच्या पॅनलवरची अँपिअरची सुई एका जागी न थांबता सारखी थरथरत राहायची. चुलत्यांना वाटलं वाइंडिंग जळायला आलंय. रिवाइंडिंगवाला आला, मोटर वर काढायच्या आधी दोन मिनिटं नुसती सुई बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, वाइंडिंगला काय झालं नाय, रोटर गेलाय बघा."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात मोटर खोलली तर अगदी तसंच निघालं. रोटरमधले तांब्याचे बार जिथे टोकाच्या रिंगला झाळलेले असतात तिथे तीन बारांचा सांधा सुटला होता, काळवंडलेली केसाएवढी चीर, डोळ्याला पटकन दिसत नव्हती पण नख फिरवलं की अडकायचं. बाकी रोटर नव्यासारखा. बार शाबूत, लोखंड शाबूत, शाफ्ट सरळ, फक्त तेवढा सांधा.

मी मोटर डिझाइनच्या कामात असतो आणि तेव्हापासून मनात होतं की यावर सविस्तर लिहावं, कारण इलेक्ट्रिक गाडीतल्या इंडक्शन मोटरमध्येही टिकाऊपणाची लढाई शेवटी याच सांध्यावर येऊन ठेपते. फरक एवढाच की तिथे ती किती तरी जास्त वेगाने लढावी लागते.

आधी रोटर म्हणजे काय ते बघू. मोटरमध्ये बाहेरचा न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर, त्यात तांब्याच्या तारांचं वाइंडिंग. त्यात थ्री-फेज करंट सोडला की गोल फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, लोखंड हलत नाही, क्षेत्र फिरतं. आत असतो रोटर. पातळ लोखंडी पत्र्यांची, म्हणजे आपल्याकडे ज्याला स्टॅम्पिंग म्हणतात त्यांची, एक थप्पी शाफ्टवर बसवलेली, कडेने लांबट खाचा म्हणजे स्लॉट, प्रत्येक स्लॉटमध्ये तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा एकेक बार, आणि दोन्ही टोकांना सगळे बार एकमेकांना जोडणारी जाड रिंग, एंड रिंग. लोखंड बाजूला काढून नुसते बार आणि रिंगा डोळ्यासमोर आणा, एक पिंजरा दिसेल. म्हणूनच आयटीआयमध्ये याला स्क्विरल केज रोटर म्हणून शिकवतात. १८८९ मध्ये मिखाइल डोलिवो-डोब्रोव्होल्स्की या इंजिनिअरने जर्मनीत एईजी कंपनीत असताना थ्री-फेजसाठी हा पिंजरा बसवला आणि आज सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनंतरही मूळ कल्पना तीच आहे.

या पिंजऱ्याला बाहेरून कुठलीही वायर जोडलेली नसते, कार्बन ब्रश नाही, मॅग्नेट नाही. स्टेटरचं फिरतं क्षेत्र बारांना कापत जातं म्हणून त्यांच्यात करंट तयार होतो (हेच इंडक्शन, म्हणून नाव इंडक्शन मोटर), तो करंट एका बारमधून जातो, रिंगमधून वळसा घेतो, दुसऱ्या बारमधून परत येतो, आणि त्या करंटवर क्षेत्राचा जोर लागून रोटर ओढला जातो. पण रोटर क्षेत्राच्या बरोबरीने फिरला तर कापणंच बंद होईल, करंट बंद, जोर बंद, म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. पंपाच्या प्लेटवर २८८० आरपीएम लिहिलेलं बघितलं असेल, ५० हर्ट्झवर क्षेत्र ३००० ने फिरत असतं आणि रोटर १२० ने मागे, म्हणजे ४ टक्के मागे. याला स्लिप म्हणतात. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता कोणी विचारेल की गाड्यांमध्ये तर हल्ली मॅग्नेटवाल्या मोटरच असतात, इंडक्शनचं काय घेऊन बसलात. बरोबर आहे, बहुतेक गाड्यांत मॅग्नेटच असतात, कारण ती मोटर आकाराने लहान आणि एफिशियन्सीला सरस पडते. पण इंडक्शन कधीच गेलेली नव्हती. १९९६ ची जीएमची ईव्ही१ इंडक्शनवर होती, २०१२ ची टेस्ला मॉडेल एस तांब्याच्या रोटरवर होती, २०१८ मध्ये आलेल्या ऑडी ई-ट्रॉनमध्ये दोन्ही ॲक्सलला ॲल्युमिनियम पिंजऱ्याच्या इंडक्शन मोटर होत्या, आपल्याकडे महिंद्राच्या ई२ओ आणि ई-व्हेरिटो थ्री-फेज इंडक्शनवरच चालायच्या. रेल्वेत तर बऱ्याच ठिकाणी हीच, मुंबईच्या लोकलला २००७ पासून ज्या सीमेन्सच्या गाड्या आल्या त्यातही. आणि दोन मोटरच्या गाडीत मागे मॅग्नेटची आणि पुढे इंडक्शनची अशी जोडी अजूनही लावतात, कारण हायवेला पुढची मोटर नको असेल तर तिचा करंट बंद करायचा, ती नुसती मोकळी फिरते, मॅग्नेटची मोटर मात्र बंद असतानाही स्वतःच्या मॅग्नेटमुळे थोडा अडसर करतच राहते. त्यात एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि त्याचा फटका थेट पुण्यात बजाजच्या चेतकच्या उत्पादनापर्यंत पोचला. तेव्हापासून मॅग्नेट नसलेल्या मोटरकडे लोक पुन्हा गंभीरपणे बघायला लागलेत, आणि माझ्या मते ते व्हायलाच हवं होतं.

पण शेतातल्या मोटरचा रोटर उचलून गाडीत टाकता येत नाही, आणि त्याचं कारण म्हणजे वेग. मोटरची ताकद म्हणजे टॉर्क, म्हणजे शाफ्टला पिळणारा जोर, गुणिले वेग. टॉर्क वाढवायचा तर मोटर मोठी आणि जड करावी लागते, वेग वाढवला तर तीच ताकद लहान मोटरमधून मिळते, मग वजन कमी, तांबं कमी, खर्च कमी. म्हणून गाडीतली मोटर १५,००० आरपीएमच्या आसपास आणि त्याच्याही वर फिरवतात. पंपाच्या २८८० शी तुलना केली तर पाचपटीपेक्षा जरा जास्त. पण फिरणाऱ्या वस्तूवर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्याच व्यासाच्या रोटरवर तो जोर पाचपट न राहता सत्तावीसपट होतो.

ज्यांनी ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलीय त्यांना हे हाताने माहीत असतं, हळू फिरवली की दगड गुमान असतो आणि जोर लावला की दोरी हातातून निसटायला बघते. आता १६ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे साधारण स्टीलच्या छोट्या ताटलीएवढा रोटर घ्या आणि १५,००० ने फिरवा, त्याची कड ताशी ४५० किलोमीटरने धावत असते. त्या कडेवरच्या १ ग्रॅम धातूला बाहेर ओढणारा जोर भरतो २० किलो वजनाएवढा. एका ग्रॅमला वीस किलो. मी पहिल्यांदा हा हिशोब केला तेव्हा शून्य चुकलं असेल म्हणून तीनदा तपासला होता.

आता एक बार घेऊ, १५ सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर खोल, तांब्याचा. हातात घेतला तर जेमतेम १०७ ग्रॅम. तोच बार त्या वेगाला १.८ टनाच्या जोराने बाहेर पडायला बघतो, म्हणजे दोन वॅगन आर लटकवल्यासारखं. असे पन्नास-साठ बार एका रोटरमध्ये. ॲल्युमिनियमचा असता तर वजन तिसऱ्या हिश्श्याहून कमी म्हणून जोरही साधारण साडेपाचशे किलो. इथेच तांबं विरुद्ध ॲल्युमिनियम हा वाद सुरू होतो, कारण वीज वाहून न्यायला तांबं उत्तम, ॲल्युमिनियम त्याच्या साधारण ६० टक्के, म्हणजे त्याच आकाराच्या बारमध्ये ॲल्युमिनियम जास्त तापणार. पण फिरवताना तांबं जड पडतं.

या बारला धरून कोण ठेवतं? स्लॉटच्या तोंडावर लोखंडाची एक पातळ पट्टी ठेवलेली असते, ब्रिज म्हणतात तिला. इलेक्ट्रिकलवाल्यांना ती जितकी पातळ तितकी बरी, कारण जाड पट्टीतून चुंबकीय क्षेत्र बारला वळसा घालून चोरवाटेने निघून जातं आणि टॉर्क कमी होतो. मेकॅनिकलवाल्यांना ती जाड हवी. ढोबळ हिशोब सांगतो, वरचा ४ मिलिमीटर रुंदीचा बार धरायला १ मिलिमीटर जाडीचा ब्रिज ठेवला तर त्याच्यात चौरस मिलिमीटरला साधारण २४ किलो ताण येतो, आणि स्टॅम्पिंगचं चांगलं लोखंड ४० च्या आसपास झेलतं, तेव्हा चाललं. तोच ब्रिज अर्धा मिलिमीटर केला तर ताण चौपट, ९६. पहिल्याच टेस्टला वाकणार. अर्ध्या मिलिमीटरवरून मीटिंगमध्ये दोन-दोन तास भांडणं होतात ती यामुळे, आणि दोघांचंही बरोबर असतं. मग वाट काढतात, बारचा आकारच वर निमुळता ठेवायचा म्हणजे तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंच्या लोखंडी दातांत अडकतो आणि ब्रिजवरचा भार हलका होतो. आणि कोपरे गोलसर ठेवायचे. शांपूच्या पुडीच्या कडेला ती छोटी खाच असते ना, तिथूनच पुडी का फाटते, तर ताण त्या टोकदार खाचेत गोळा होतो म्हणून. रोटरच्या स्लॉटमधला प्रत्येक टोकदार कोपरा म्हणजे अशी एक खाच, तिथे अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली की रोटरचं आयुष्य किती तरी वाढतं.

बारला निदान लोखंड धरून ठेवतं. एंड रिंगला कोणीच धरत नाही. ती थप्पीच्या बाहेर, दोन्ही बाजूंना उघडी लोंबत असते आणि तिला स्वतःच स्वतःला सांभाळायचं असतं. फिरणाऱ्या रिंगमध्ये येणारा ताण म्हणजे धातूची घनता गुणिले तिच्या वेगाचा वर्ग, बस, यात जाडी येतच नाही. म्हणजे रिंग तुटते म्हणून ती जाड केली तर काही उपयोग नाही, कारण जाड केली की तिचं वजनही तेवढंच वाढतं आणि ताण होता तिथेच राहतो. नवीन मुलांना हे पटायला फार वेळ लागतो. आपल्या उदाहरणातल्या रोटरमध्ये तांब्याच्या रिंगला हा ताण चौरस मिलिमीटरला साधारण १० किलो येतो, ॲल्युमिनियमच्या रिंगला ३ किलो.

दहा किलो हे तसं फार नाही, कडक तांबं ते सहज झेलतं. गोम अशी की रिंग बारांना झाळताना तांबं ७०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि तापलं की तांबं मऊ पडतं. पुण्याच्या तांबट आळीत कसब्यात कधी गेलात तर बघा, भांडं ठोकता ठोकता तांबं कडक होत जातं, फार कडक झालं की ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात, आणि शेवटी वरून मठारकाम करतात ती चकाकी तर येतेच पण त्या प्रत्येक ठोक्याने भांड्याला ताकदही येते. झाळलेल्या रिंगचं नेमकं उलटं होतं, कारखान्यातून कडक आलेलं तांबं सांध्यापाशी भट्टीतून काढल्यासारखं मऊ होऊन बसतं. मऊ शुद्ध तांबं चौरस मिलिमीटरला ५ ते ७ किलोलाच कायमचं ताणायला लागतं, आणि आपल्याला हवेत १०. म्हणजे रिंग पहिल्याच जोराच्या फेरीत किंचित फुगणार आणि परत मूळ मापावर येणार नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र वापरतात. एक म्हणजे तांब्यात किंचित क्रोमियम आणि झिर्कोनियम मिसळायचं, फार नाही, एक टक्क्याच्या आसपास. असं तांबं योग्य उष्णता देऊन कडक केलं की ३० किलोच्या वर ताण सोसतं आणि वीज तरीही शुद्ध तांब्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास वाहतं. हे मिश्रण रिंगला वापरायचं, बारला शुद्ध तांबं ठेवायचं. पण झाळताना याचंही तापमान आणि वेळ आवरावा लागतो, नाही तर त्याचाही कडकपणा जातो, म्हणून सगळा रोटर भट्टीत घालण्याऐवजी इंडक्शन कॉइलने फक्त सांध्याची जागा झटपट तापवतात.

दुसरा उपाय आपल्या आजोबांना माहीत होता. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना ती शेणाच्या गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, फुगलेली धाव चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे, थंड होताना धाव आकसून चाकाला असं आवळायची की आरे-पाट्या हलायचं नाव नाही. तसंच रोटरच्या एंड रिंगवर बाहेरून भक्कम धातूची, बहुतेक वेळा न चुंबकणाऱ्या स्टीलची, एक धाव आवळून बसवतात. स्थिर असतानाच ती रिंगला आत दाबून ठेवते, मग रोटर फिरायला लागला की आधी तो दाब सुटेपर्यंत रिंगला बाहेरचा ताण जाणवतच नाही. किती आवळायचं हे मात्र शंभराव्या हिश्श्यातल्या मिलिमीटरांत ठरवावं लागतं. कमी आवळली तर वेगात सैल होणार, जास्त आवळली तर बसवतानाच आतलं मऊ तांबं चेपणार. स्टॅम्पिंगची थप्पी शाफ्टवर बसवतानाही हाच खेळ आहे, वेगात थप्पी स्वतः फुगते, भोक मोठं होतं, आणि पकड सुटली की थप्पी शाफ्टवर सरकते.

आता तो सांधा. बार आणि रिंग एकमेकांना जिथे मिळतात तिथे तीन गोष्टी एकाच जागी येतात, सगळा करंट तिथून वळतो, धातू तिथेच मऊ झालेला असतो, आणि वाकणंही तिथेच होतं. वाकणं कशाने? एक तर रिंग आणि थप्पी वेगवेगळ्या फुगतात, रिंग उघडी असल्याने वेगात जास्त फुगते आणि मधल्या बारचं टोक बाहेर वाकवते. दुसरं म्हणजे तापणं. १५ सेंटिमीटरचा रोटर १३० अंशांनी तापला तर लोखंडाची थप्पी ०.२३ मिलिमीटरने लांबते, तांब्याचा बार ०.३३ ने आणि ॲल्युमिनियमचा ०.४५ ने. तांब्यात फरक ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे एका कागदाच्या जाडीएवढा, ॲल्युमिनियममध्ये दोन कागदांचा. एवढ्याशाने काय होतंय असं वाटेल, पण सिग्नल सुटला की जोरात निघायचं, पुढच्या सिग्नलला थांबायचं, असं दिवसातून पन्नास वेळा धरलं, वर्षाचे ३०० दिवस, १५ वर्षं, तर सव्वादोन लाख वेळा. पत्र्याची पट्टी एकदा वाकवून तुटत नाही, तीच जागा परत परत वाकवली की तुटते.

टेस्लाने तांब्याच्या रोटरसाठी या सांध्याचा जो विचार केला तो मला फार आवडतो. बारांची टोकं थप्पीच्या बाहेर काढायची, आणि प्रत्येक दोन टोकांच्या मधल्या फटीत चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा एक छोटा पाचरीसारखा तुकडा घट्ट बसवायचा, मग सगळं तापवलं की ती चांदी वितळून तुकडा दोन्ही बाजूंच्या बारांना पूर्ण पृष्ठभागाने चिकटतो. म्हणजे बार आणि तुकडे मिळूनच रिंग तयार होते. आधी बारचं नुसतं टोक रिंगला टेकून झाळलेलं असायचं, इथे त्याची सगळी बाजू पकडीत येते. क्षेत्रफळ वाढलं की करंटची गर्दी कमी, ताण कमी. वरून परत एक मजबूत धाव आवळायची.

ॲल्युमिनियमवाले म्हणतात सांधाच नको. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, ते दाबाने थेट थप्पीच्या स्लॉटमध्ये ओतायचं, बार आणि दोन्ही रिंगा एकाच वेळी एकजीव तयार, झाळणं नाही की चीर नाही, आणि स्वस्त. घरातल्या पंख्यापासून मोनोब्लॉक पंपापर्यंत हेच असतं. पण ओतताना हवा अडकली की आत बुडबुडे राहतात, बाहेरून गुळगुळीत आणि आत इडलीसारखं. बुडबुड्यापाशी बार बारीक, तिथे जास्त तापतो, शेवटी तुटतो, आणि एक बार तुटला की त्याचा करंट शेजारच्या दोघांवर येतो, मग ते तापतात, मग पुढचे. पंपाच्या रोटरमध्ये थोडे बुडबुडे खपून जातात, १५,००० आरपीएमला खपत नाहीत, म्हणून व्हॅक्युम लावून ओतणं, हळूहळू भरणं, आणि नंतर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून बघणं. शिवाय शुद्ध ॲल्युमिनियम दीडशे अंशांच्या पुढे ताण सोसताना हळूहळू सरकत राहतं, म्हणून त्यातही मिश्रधातू लागतात. मग तांबंच ओतू या की, तर तांबं वितळतं १०८५ अंशाला आणि त्या तापमानाला साच्याचं स्टील काही शेकडा रोटरांतच तडकायला लागतं. जमतं, पण महाग पडतं.

तापण्याचा विषय निघालाच आहे तर, रोटरमध्ये किती उष्णता तयार होते याचा हिशोब सोपा आहे, रोटरकडे जाणारी ताकद गुणिले स्लिप. १०० किलोवॅट ताकद आणि ३ टक्के स्लिप असेल तर ३ किलोवॅट, म्हणजे बाथरूममधला छोटा इन्स्टंट गिझर रोटरच्या पोटात चालू आहे असं समजा. स्टेटरच्या बाहेरून कूलंट फिरवता येतो, पण रोटर फिरतोय, त्याच्या आणि स्टेटरच्या मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटरची हवेची फट, आणि हवा ही उष्णता न्यायला अगदी निकामी. म्हणून शाफ्ट पोकळ करतात, आत एक बारीक नळी घालतात, कूलंट नळीतून टोकापर्यंत जातो आणि शाफ्टच्या आतल्या भिंतीला घासत परत येतो. टेस्लाने हे केलं, ऑडी ई-ट्रॉननेही केलं. उपाय झकास आहे पण त्याने एक नवीन कमजोर जागा तयार होते, फिरता शाफ्ट आणि न फिरणारी नळी यांच्यामधलं सील. ते झिजलं की पाणी थेट वाइंडिंगमध्ये. म्हणून मला व्यक्तिशः तेल वापरायची पद्धत बरी वाटते, थोडं गळलं तरी लगेच शॉर्ट होत नाही.

आता बॅलन्सिंग. २० किलोचा रोटर १५,००० ला चालवायचा तर त्याचा वजनाचा मध्य आणि फिरण्याचा मध्य यांच्यात दीड मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच फरक चालतो, म्हणजे ७ सेंटिमीटर त्रिज्येवर मिळून अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, तांदळाचे वीसेक दाणे. रोटर मशीनवर फिरवून रिंगला बारीक भोकं पाडून ते साधतात. पण वर म्हटलं तसं रिंग पुढे जाऊन किंचित जरी फुगली, आणि ती सगळीकडून सारखी कधीच फुगत नाही, तर हे बॅलन्सिंग बिघडतं, मग गाडीत बारीक घरघर, मग बेअरिंगवर सेकंदाला २५० वेळा हातोडा.

म्हणून रोटर खरा तपासायचा तो स्पिन टेस्टला. जाड पोलादी पिंपात व्हॅक्युम करून रोटर त्याच्या कमाल वेगाच्या १.२ पट वेगाला दोन मिनिटं फिरवतात, वेग वीस टक्के जास्त म्हणजे ताण ४४ टक्के जास्त. आधी रिंगचा व्यास मोजून ठेवलेला असतो, फिरवून झाल्यावर परत मोजतात. तुटला नाही म्हणून पास असं नसतं, व्यास काही मायक्रॉनच्या पुढे वाढला असेल तरी तो नापास. नंतर नमुन्याचा एखादा रोटर सांध्यातून करवतीने कापतात, आरशासारखा घासतात आणि भिंगाखाली झाळ किती भरलीय, कुठे पोकळी राहिलीय ते बघतात. दुसरे काही रोटर मुद्दाम फुटेपर्यंत फिरवतात, फक्त कुठल्या वेगाला आणि कुठून फुटतो ते कळावं म्हणून.

आणि आता ती थरथरणारी सुई. एखादा बार किंवा सांधा तुटला की पिंजऱ्याची एक बाजू कमजोर होते आणि ती बाजू फिरत्या क्षेत्राच्या तुलनेत स्लिपच्या वेगाने सरकत राहते. त्यामुळे स्टेटरच्या करंटमध्ये ५० हर्ट्झच्या शेजारी, स्लिपच्या दुप्पट अंतरावर, दोन बारीक लहरी उगवतात. ४ टक्के स्लिप म्हणजे ४ टक्क्यांचं दुप्पट ८ टक्के, ५० चे ८ टक्के ४, म्हणजे ४६ आणि ५४ हर्ट्झला. परिणाम असा की करंट सेकंदाला चार वेळा कमी-जास्त होतो, आणि पॅनलवरची सुई तेवढ्याच वेळा थरथरते. रिवाइंडिंगवाल्याने ही गणितं केली नव्हती, पण पंचवीस वर्षांत अशा किती तरी सुया बघितल्या होत्या. गाडीत सुई नसते, पण इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी थ्री-फेज एसी करणारा डबा, प्रत्येक फेजचा करंट सेकंदाला हजारो वेळा मोजतच असतो, तेव्हा हीच खूण सॉफ्टवेअरने शोधता येते, जास्तीचा एकही सेन्सर न लावता. मला वाटतं प्रत्येक इंडक्शन मोटरच्या गाडीत हे असायलाच हवं, म्हणजे एक सांधा सुटल्यावर कळेल, दहा सुटल्यावर नाही.

चुलत्यांच्या मोटरचे ते तीन सांधे त्याने घासून साफ केले, चांदीच्या काडीने पुन्हा झाळले, आणि मोटर बोअरमध्ये सोडल्यावर सुई १४ अँपिअरला येऊन शांत उभी राहिली. गाडीच्या रोटरला मात्र असं कोणाकडून झाळून घेऊ नका, कितीही भरवशाचा माणूस असला तरी. बर्नर लावला की शेजारची रिंग मऊ पडणार, झाळीचा पाव ग्रॅमचा थेंब जरी एका बाजूला राहिला तरी बॅलन्सिंग गेलं, आणि परत स्पिन टेस्ट करायची सोय त्या दुकानात नाही. तो रोटर अख्खा बदलायचा.